कौतुक इमारतीचं नव्हतंच

एवढ्या तावातावाने लिहिलंत म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी घरांवरचा माझा लेख शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आधी आभार. तुमचा आक्षेप असा: कमी मिळकतीच्या लोकांना भाड्याने दिलेल्या या सरकारी घरांतल्या जगण्याचं कौतुक म्हणजे गरिबीचं उदात्तीकरण, सेंट लुईस शहरातली प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत सुरुंग लावून पाडावी लागली, यातच सगळं आलं.

एक चूक कबूल. तिथल्या गुन्हेगारीबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. अकरा मजली इमारती, पण लिफ्ट थांबायची फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर. कडेवर पोर, हातात पिशव्या, अशा बाईने उरलेले जिने पायी चढायचे-उतरायचे, आणि लुबाडणारे नेमके त्याच जिन्यांत.

पण मधलं एक पान तुम्हीही गाळलंत. तिथल्या ३३ इमारतींची देखभाल भाड्यातून व्हायची होती. माणसं उपनगरांकडे निघाली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली. मग राहिलेल्यांचंच भाडं वाढवलं! १९६९ मध्ये शहरातल्या सरकारी घरांतले भाडेकरू, त्यात बायका पुढे, नऊ महिने भाडं न देता ठाम राहिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या कायद्यात ब्रुक दुरुस्ती आली, सरकारी घराचं भाडं मिळकतीच्या २५ टक्क्यांच्या वर नेता येणार नाही अशी. तिच्यामागे या संपाचाही रेटा होता. सुरुंग लागायला सुरुवात झाली ती नंतर, १९७२ साली. तुम्ही ज्यांना 'फुकटे' म्हणता ते हेच लोक.

'अशा घरांतून आलेलं एक तरी मोठं नाव सांगा,' म्हणता. गायक एल्विस प्रेस्ली मुलगा असताना मेम्फिसच्या लॉडरडेल कोर्ट्स या सरकारी वसाहतीत राहत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या सरकारी वसाहतीत वाढल्या. झालं समाधान? लेखात ही नावं मी मुद्दाम घेतली नव्हती. बाहेर पडून कुणी नाव काढलं तरच वस्तीला किंमत, हा हिशेब मला मान्य नाही.

शिकागोच्या जेन ॲडम्स होम्स या सरकारी वसाहतीतली शेवटची उरलेली इमारत रहिवाशांनी हट्टाने वाचवली. २०२५ मध्ये तिथे सार्वजनिक घरांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. तिथे राहून गेलेल्या कुटुंबांची घरं पुन्हा मांडली आहेत, अंगणात शिल्पकार एडगर मिलरने घडवलेले दगडी प्राणी परत आणले आहेत. आज ती शिल्पं म्हणून जपली जातात. वसाहतीतली पोरं मात्र सरळ त्यांच्या पाठीवर चढून बसायची. लेखात मी लिहिलं होतं ते या पोरांबद्दल आणि त्या घरांतल्या स्वयंपाकघरांबद्दल. वास्तुरचनेला गुण द्यायला बसलो नव्हतो.

लिफ्टचा आणि जिन्यांचा परिच्छेद मूळ लेखात आज रात्रीच घालतो. 'फुकटे' मात्र तुम्ही मागे घ्या.