कोपराला गूळ

माझी रॅकेट 85 ग्रॅमची आहे. बाजारातला मध्यम कांदासुद्धा तिच्यापेक्षा वजनदार निघेल. अशा वस्तूने मला जायबंदी केलं, हे सांगितलं की समोरचा आधी काळजीचा चेहरा करतो आणि मग खोकल्याचं निमित्त करून हसून घेतो.

सुरुवात सोमवारच्या चहाने झाली. कप उचलला आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कुणीतरी टाचणी टोचली. कप ठेवला, टाचणी गेली. मग दिवसभर तेच. दाराची मूठ फिरवली, टाचणी. पंचा पिळला, टाचणी. ऑफिसात साहेबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं, तेव्हा दाभण.

वास्तविक कोपराने काहीच केलं नव्हतं. आदल्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये पाच डबल्स खेळलो, ते हाताने. शिवाय पुणेकराला बॅडमिंटन शिकवणारे तुम्ही कोण? 1870 च्या दशकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत. खेळच आमच्या गावचा! वॉर्मअप वगैरे परगावच्या लोकांनी करावं, या समजुतीने मी आल्या आल्या स्मॅश मारत सुटलो होतो.

“टेनिस एल्बो,” फिजिओताई म्हणाल्या.

“पण मी बॅडमिंटन खेळतो.”

“कोपराला कुठे कळतंय ते?”

हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते 2004 साली, सचिनमुळे. पुढच्या वर्षी लंडनला त्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा पानाच्या टपरीवरही अस्थितज्ज्ञ उभे होते. आपलं आणि सचिनचं दुखणं एकच, या विचाराने मी टेबलावर पडल्या पडल्या थोडा फुललो. ताईंनी लगेच हवा काढली. “रंगाऱ्यांना, सुतारांना, आचाऱ्यांनाही होतं हे.”

मग त्यांनी माझ्याच हातावर बोट फिरवत कारण सांगितलं. मूठ आवळली की मनगट आत वळायला बघतं. ते वळू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू त्याला ताणून धरतात. हे सगळे बांधलेत एकाच खुंटीला, कोपराबाहेरच्या त्या हाडाला. मूठ आवळणार पंजा, ओढ बसणार खुंटीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

“दुखायला लागल्यापासून मी रोज मऊ चेंडू दाबतोय,” मी शहाण्या मुलासारखं सांगितलं.

“आवळून आवळूनच हे झालंय. आणि औषध म्हणून तुम्ही आणखी आवळताय?”

तेव्हा कळलं की मला मूठ मिटायचा नव्हे, उघडायचा व्यायाम हवा. पाचही बोटांभोवती रबर अडकवायचं आणि बोटं फाकवायची, पंधरा वेळा. आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर सांबाराच्या पार्सलांची रबरं वर्षानुवर्षं साठत होती. ‘लागतील कधीतरी’ म्हणून बायकोने जपलेली. लागली, आणि ती जिंकली.

दुसरा व्यायाम पोह्यांचा. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली, मुठीत अर्ध्या किलोचा पुडा. पुडा वर न्यायचा तो डाव्या हाताच्या मदतीने. उतरवायचा मात्र उजव्याने एकट्याने, मनात पाचपर्यंत मोजत, विसर्जनाच्या गणपतीला उतरवतात तसा. गुण या उतरवण्यात आहे म्हणे. पंधराचे तीन फेरे. रविवारी घरात पोहे व्हायचे आणि मी निःशस्त्र व्हायचो.

तिसरा व्यायाम बत्त्याचा. खलातला बत्ता टोकाशी धरायचा, कोपर बरगडीला चिकटवायचं आणि तळवा सावकाश वर, सावकाश खाली. हा करत असतानाच एकदा बेल वाजली. मी तसाच दार उघडायला गेलो. कुरियरच्या मुलाने पाकीट जमिनीवर ठेवून माझ्याकडे सरकवलं आणि ओटीपी जिन्यावरून विचारला.

दर शनिवारी मी ताईंना विचारायचो, “उद्या खेळू?” त्या म्हणायच्या, “पुढच्या आठवड्यात बघू.” कोपराला गूळ लावणं म्हणजे काय, ते इतक्या शब्दशः कुणी अनुभवलं नसेल.

आठ आठवडे गेले. चहाचा कप हलका झाला. ताईंनी परवानगी दिली, पण एका अटीवर: रॅकेट उदबत्तीसारखी धरायची, आणि फूल रॅकेटला लागायच्या क्षणापुरतीच मूठ आवळायची. त्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवली. स्कूटरचं हँडल, मोबाइल, दात घासायचा ब्रश, सगळं मी लोकलच्या दारातल्या दांड्यासारखं धरतो, असं आढळलं. हा बंदोबस्त कशासाठी होता, देव जाणे. ब्रश कोण पळवणार?

रविवारी कोर्टवर उतरलो. खिशात रबरं होती, मुठीत उदबत्ती. पहिलीच सर्व्हिस आली, मी अलगद हात फिरवला. फूल जागच्या जागी पडलं आणि रॅकेट जाळीपलीकडे गेली.

पलीकडे आमचे निवृत्त बँक मॅनेजर काका होते. गेले दोन महिने, “असल्या नाजूक हातांनी कॅरम खेळा,” असं मला रोज लिफ्टमध्ये ऐकवणारे. ते काही न बोलता वाकले, रॅकेट उचलली आणि जाळीवरून माझ्याकडे धरली.

डाव्या हाताने. काका उजवे आहेत.

मी खिशातलं एक रबर काढून त्यांच्या तळव्यावर ठेवलं.