‘चढावर धापा टाकणारं खेळणं’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार.

बागेतल्या हलक्या कामासाठी स्वस्त इलेक्ट्रिक थ्री-व्हीलर कशी, या माझ्या लेखावर तुम्ही राजापूरहून लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते ही गाडी शहरात पार्सलं वाटायला ठीक, बागेत मात्र ते ‘चढावर धापा टाकणारं खेळणं’ आहे. कंपनीची रेंज (एका चार्जमध्ये कापायचं अंतर) मातीत खोटी ठरते, पावसात गाडी रुतते, बॅटरी गेली की सगळं भंगारात, आणि एवढ्या पैशांत जुनी डिझेल पिकअप येते, जी कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करतो. शेवटी तुमचे आकडेही दिलेत: बाग वर, डांबरी रस्ता खाली, मधे दीड किलोमीटर कच्चा रस्ता, मोसमात रोज आठ फेऱ्या. आकडे दिलेत हे फार बरं केलंत, आता हिशेबानेच बोलता येईल.

आधी रेंज. महिंद्रा ट्रिओ झोर घेऊ, कारण या वर्गात तिचे आकडे बऱ्याच जणांना माहीत आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये ती बाजारात आली. ७.३७ युनिटची लिथियम बॅटरी, ८ किलोवॉटची मोटर, ४२ न्यूटन-मीटर टॉर्क, ५५० किलो माल, आणि चाचणीतली रेंज १२५ किलोमीटर. गाडी, माल आणि चालक मिळून एक टन धरू. सपाट डांबरावर एक टन ढकलत ठेवायला साधारण १५ किलोचा जोर पुरतो. दाबून बसलेल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर तोच जोर ३५ किलोच्या घरात जातो, आणि नांगरलेल्या किंवा भुसभुशीत मातीत ८० किंवा त्याहून वर. बॅटरीपासून चाकापर्यंत पोचताना तीस टक्के वीज वाया जाते असं धरलं, तर डांबरावर सव्वाशे किलोमीटर निघतात. म्हणजे कंपनीचा आकडा खोटा नाही, तो डांबराचा आहे. कच्च्या रस्त्यावर त्याचे पन्नास-पंचावन्न होतात आणि भुसभुशीत मातीत जेमतेम तेवीस-चोवीस.

आणि चढ? बॅटरी खरी चढावरच संपते असं बहुतेकांना वाटतं. एक टन वजन १०० मीटर उंच चढवायला ०.२७ युनिट लागतं, वाया जाणारी वीज धरून ०.४. मऊ मातीतला सव्वा किलोमीटर तेवढीच वीज खातो. त्यामुळे ज्याच्या बागेत जमीन मऊ आहे त्याने रेंजची चिंता करावी. तुमच्यासारखा ज्याचा रस्ता जांभ्याचा आहे, त्याचं गणित वेगळं. आठ फेऱ्या म्हणजे २४ किलोमीटर, त्यातले निम्मे रिकाम्या गाडीचे. बाग रस्त्यापासून ६० मीटर उंच धरली तरी दिवसाचं काम अर्ध्या बॅटरीत बसतं.

त्यातही तुमच्या बागेचं एक वैशिष्ट्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वात महत्त्वाचं आहे: माल खाली येतो, रिकामी गाडी वर जाते. उतारावर भरलेली गाडी मोटरला जनरेटरसारखी फिरवून थोडी वीज बॅटरीत परत घालते आणि वर जाताना वजन निम्मंच असतं. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळ सिमेंट कारखान्याच्या दगडखाणीत याच तत्त्वावर एक अजस्र इलेक्ट्रिक डंपर चालतो, रिकामा वर जातो आणि ६५ टन दगड घेऊन खाली येतो. कोकणातल्या किती बागांची रचना अशीच आहे! डिझेल गाडी त्या उतारावर फक्त ब्रेक झिजवते. एक काळजी मात्र घ्या. गाडी वरच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, रात्रभर चार्ज केलीत आणि सकाळी भरून थेट उतारावर काढलीत, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती वीज घ्यायला जागाच नसते. मोटरची ओढ मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. पहिली फेरी हळू आणि कमी मालाची ठेवा, किंवा चार्जिंग खाली रस्त्याकडेलाच करा.

‘धापा टाकणारं’ या शब्दाकडे येतो. इलेक्ट्रिक मोटरचा जोर उभ्या जागेपासून पूर्ण मिळतो, क्लच जाळावा लागत नाही, त्यामुळे चढावर थांबून पुन्हा निघणं तिला डिझेलपेक्षा सोपं जातं. धाप लागते ती उष्णतेमुळे. जाहिरातीतले किलोवॉट बहुधा थोडा वेळ मिळणाऱ्या ताकदीचे असतात. सलग किती वेळ किती ताकद देता येते हा आकडा वेगळा, लहान, आणि तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. लांब चढावर भरलेली गाडी चालण्याच्या वेगाने रेटत राहिलात की मोटर आणि तिला वीज पुरवणारा कंट्रोलर तापतात, मग कंट्रोलर स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो. तुमच्या परिचितांची गाडी अर्ध्या घाटीत मंदावली असं लिहिलंय, ते बहुतेक यामुळेच. ती लेड-ॲसिड बॅटरीची ई-कार्ट, म्हणजे ई-रिक्षाच्या वर्गातली हलकी मालगाडी, असेल तर आणखी एक कारण: बॅटरी निम्म्यावर आली की जोर लावताक्षणी तिचा व्होल्टेज खाली बसतो. शिवाय कायद्याप्रमाणे ई-कार्टची मर्यादाच ३१० किलो माल आणि ताशी २५ किलोमीटर आहे. तिच्यात पाचशे किलो भरून चढवायचं आणि मग ‘इलेक्ट्रिक गाड्या बाद’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता ज्या मुद्द्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण माझ्या मते बागेत थ्री-व्हीलरचं खरं दुखणं तिथे आहे. कच्च्या रस्त्यावर जीप-ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या पडतात आणि मधे गवताचा, दगडांचा उंचवटा उरतो. चारचाकी त्या चाकोऱ्यांतून जाते. थ्री-व्हीलरची मागची चाकं चाकोरीत आणि पुढचं एकटं चाक नेमकं त्या उंचवट्यावर. देवगडजवळच्या एका बागेत मी या वर्गातली गाडी चालवली तेव्हा हँडल सतत हातात थरथरत होतं. गवतात लपलेला एखादा दगड लागला की पुढचं चाक चाकोरीकडे सरकायचं आणि हौद्यातले क्रेट एका बाजूला कलायचे. मालकांनी शेवटी मधला उंचवटा खोऱ्याने काढून त्यावर बारीक खडी टाकली, तेव्हा कुठे गाडी सरळ चालायला लागली. आडव्या उतारावर वळणं तर टाळावंच, तीन चाकांची गाडी तिथे पटकन कलते. ज्याला रस्ता दुरुस्त करणं शक्य नाही त्याने थ्री-व्हीलरचा नाद सोडून चारचाकी पाहावी. जून २०२५ मध्ये आलेली टाटा एस प्रो ईव्ही ७५० किलो माल नेते, १४.४ युनिटची बॅटरी आहे, आली तेव्हाची सुरुवातीची किंमत साडेसहा लाख. हे पैसे थ्री-व्हीलरच्या दुपटीच्या आसपास जातात. त्या पैशांत रस्ता किती नीट होतो, हे आधी गावातल्या जेसीबीवाल्याला विचारा.

पावसाबद्दल तुमच्याशी माझं काही भांडण नाही. यातल्या कुठल्याच गाडीला चारही चाकांचा ड्राइव्ह नाही. चिकणमातीच्या उतारावर जुलैत त्या चालणार नाहीत, घाटावरच्या काळ्या मातीत तर नावच काढू नका. पण हापूसचा माल मार्च ते मे निघतो, तेव्हा रस्ता कोरडा असतो. खतं पावसाच्या तोंडावर लागतात हे खरं, तर युरियाच्या ४५ किलोच्या आणि डीएपीच्या ५० किलोच्या गोण्या मे महिन्यातच वर नेऊन मांगरात फळ्यांवर रचून ठेवता येतात. आणखी एक विनंती. ‘आयपी ६७ आहे, पाण्याला घाबरत नाही’ असं विक्रेता सांगेल. त्या चाचणीचा अर्थ एवढाच की एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत पाणी शिरत नाही. जोराच्या फवाऱ्याची ती चाचणी नाही. फवारणीचा एचटीपी पंप लावून चिखल धुण्याचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो, या गाडीवर तो आवरा.

बॅटरीची भीती रास्त आहे, पण तुम्ही ती चुकीच्या बाजूने घेताय. अनेक गाड्यांची वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर अशी दुहेरी असते, ट्रिओ झोर आली तेव्हा ती ३ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटर होती. तुमच्या वापरात वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर होतील, म्हणजे किलोमीटर शिल्लक राहतील आणि वर्षं आधी संपतील. त्यामुळे विचारायचं ते वर्षांबद्दल, आणि लेखी घ्यायचं. बागेतली बॅटरी चालून कमी आणि पडून जास्त खराब होते. पावसाळ्यात पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्म्याच्या थोडी वर ठेवा आणि महिन्यातून एकदा गाडी सुरू करून पाहा. वायरिंगला उंदरांपासून जपा, बंद मांगरात सर्वात आधी तेच कुरतडतात. आणि अर्थिंग! सड्यावर, कातळात मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. गाडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, चार्जर मधेच बंद पडतो, आणि लोक गाडीला दोष देतात. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या आणि उन्हाळाभर तिथे पाणी घालत राहा.

जुनी डिझेल पिकअप वाईट नाही. तुम्ही स्वतः माल घेऊन वाशीच्या मार्केटला किंवा कोल्हापूरला जात असाल तर तीच घ्या, इलेक्ट्रिक थ्री-व्हीलर ते काम करणारच नाही. पण तुमचा माल रस्त्यावरून ट्रान्सपोर्टवाला उचलतो असं तुम्हीच लिहिलंय. मग उरतो तो दीड किलोमीटर. तो आज कसा पार होतो? गडी आणि बायका वीस-वीस किलोचे क्रेट डोक्यावर घेऊन भर उन्हात घाटी उतरतात आणि पुन्हा चढतात. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी त्यांच्या मानेची आणि गुडघ्यांची काय अवस्था होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणसं मिळत नाहीत अशी आपली सगळ्यांची तक्रार आहे, पण हे ओझं वाहायला कुणी का यावं? पिकअप काय करते आणि ही गाडी काय करत नाही, या तुलनेत मला रस नाही. डोक्यावरचा क्रेट खाली उतरतो की नाही, एवढ्यासाठी मी तो लेख लिहिला. दिवसाला चार-पाच युनिट, म्हणजे युनिट दहा रुपयांनी धरलं तरी चाळीस-पन्नास रुपयांत ते होत असेल, तर चढावर धापा गाडीने टाकाव्यात, माणसाने नव्हे.

तरीही माझ्या शब्दावर गाडी घेऊ नका. विक्रेत्याला गाडी तुमच्या बागेत आणायला लावा. हौद्यात दहा गोण्या भरा, सर्वात उभ्या जागी थांबवा, हँडब्रेक लावून उतरा, गाडी सरकते का पाहा. मग तिथूनच वर न्या. पुन्हा खाली आणा, पुन्हा वर न्या, मधे विश्रांती न देता, दुपारच्या उन्हात. ताकद कमी झाली किंवा तापमानाचा दिवा लागला तर ती गाडी तुमच्या चढाची नाही. त्याआधी एक काम करा: गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन त्या उभ्या जागेची वीस मीटर लांबीतली उंची मोजा आणि इथेच खाली लिहा. दोन मीटरच्या आत असेल तर निर्धास्त चाचणी घ्या. तीनच्या वर असेल तर कुठली गाडी बघायची ते आपण पुन्हा हिशेब मांडून ठरवू.