रिस्क म्हणजे छातीचा प्रश्न नाही

गेले दोन आठवडे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. आमच्यातल्या एकाने नोकरी सोडून दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवायला घेतलं, आठ महिने झाले, अजून लाँच नाही, आणि ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो रिस्क घेतल्याशिवाय काही होत नाही, मागे हटू नकोस. दुसरा म्हणतो घराचे हप्ते चालू आहेत, गपचूप नोकरी धर. मी इकडे परदेशात नऊ वर्षं प्रॉडक्ट टीममध्ये काम करतोय आणि मला मनापासून वाटतं की दोघंही हिमतीवरून भांडतायत, पण त्याला नेमकी कसली रिस्क आहे हे कुणी विचारतच नाहीये.

मित्राने सर्व्हे केला होता, बहुतेक डॉक्टर म्हणाले "हो, वापरू की". अरे पण हो म्हणायला कुणाचं काय जातं? लोक खोटं बोलत नसतात, समोरच्याचं मन मोडवत नाही एवढंच, आणि हे इकडेही अगदी तसंच आहे. आमच्या एका क्लायंटकडच्या अकाउंट्सच्या बाई फोनवर आम्हाला दहापैकी नऊ मार्क द्यायच्या. मी एक दिवस त्यांच्या शेजारी जाऊन बसलो तर बाई आमच्या स्क्रीनवरचे आकडे एकेक करून वहीत उतरवतायत आणि मग ते एक्सेलमध्ये टाइप करतायत, आणि मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी, कुठल्या बटणानंतर कुठलं दाबायचं ते लिहिलेली. मी विचारलं रिपोर्ट का नाही काढत, तर म्हणाल्या मला फक्त कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक हवा असतो, तो तुमच्या रिपोर्टमध्ये सापडतच नाही. त्या रिपोर्टवर आमचे पाच महिने गेले होते.

स्टार्टअप कसं उभं करायचं हे शिकवणारा अमेरिकन उद्योजक स्टीव्ह ब्लँक किती वर्षं हेच सांगतोय, ऑफिसातून बाहेर पडा. १९९९ मध्ये झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीच्या निक स्विनमर्नने गोदाम भरलं नाही, दुकानातल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले आणि ऑर्डर आली की दुकानातून विकत घेऊन पाठवले. त्यात पैसे सुटत नव्हते, पण न घालून बघता लोक ऑनलाइन बूट घेतात का हे कळलं. २०१० मध्ये बफर, म्हणजे सोशल मीडियावरच्या पोस्ट आधीच ठरवून ठेवायचं अ‍ॅप, त्याच्या जोएल गॅसकॉइनने प्रॉडक्ट बनवायच्या आधी नुसतं माहितीचं पान टाकलं, लोक ईमेल देतायत म्हटल्यावर मध्ये किमतीचं पान घातलं, तरी लोक क्लिक करत राहिले तेव्हा कोड लिहायला बसला. याउलट क्विबी, मोबाइलवर छोटे-छोटे शो दाखवणारी कंपनी, पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये बंद करतोय म्हणून जाहीर केलं. पैसा होता, हिंमतही होती.

म्हणून मी मित्राला म्हटलं, अ‍ॅप बनेल की नाही ही तुझी रिस्क नाहीच, ते बनणारच. रिसेप्शनवरची व्यक्ती आपलं रजिस्टर बाजूला ठेवेल का, ही रिस्क आहे, आणि ते बघायला आठ महिने कशाला, दोन दवाखान्यांत आठवडाभर तू स्वतः हाताने अपॉइंटमेंट सांभाळ आणि शेवटी पैसे माग. मात्र पेशंटची माहिती कच्च्या अ‍ॅपमध्ये टाकायची नाही, तिथे घाई चालणार नाही.

एक मात्र कबूल करतो, इकडून "लवकर फेल व्हा" म्हणणं सोपं आहे. माझ्या टीममध्ये दोघांचे स्टार्टअप बंद पडलेत, इंटरव्ह्यूमध्ये त्यांना त्याबद्दल आदराने विचारलं गेलं. तिकडे एकदा बुडालं की वर्षानुवर्षं ऐकवतात, म्हणून नोकरी धर म्हणणाऱ्यांवर मला राग येत नाही. पण ज्याला पडणं महाग आहे त्यानेच तर छोट्या उडीने खोली बघायला हवी ना, आणि ती उडी नोकरी न सोडताही मारता आली असती.

परवा रात्री त्याचा फोन आला. दोन दिवस एका दवाखान्यात रिसेप्शनच्या मागे बसला होता. तिथल्या ताईंच्या रजिस्टरमध्ये काही नावांपुढे लाल पेनाने टिंब होतं. विचारल्यावर कळलं, हे लोक येतो म्हणतात आणि येत नाहीत, म्हणून त्यांच्या वेळेत त्या अजून एकाला बोलावतात. त्याच्या अ‍ॅपमध्ये एका वेळेला एकच नाव बसतं.