ओटीपी बापाच्या मोबाइलवर येतो

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारची सकाळ, आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेला एक मुलगा शिकाऊ उमेदवारीचा फॉर्म भरायला माझ्या शेजारी बसला होता. नाव टाकलं, आधार नंबर टाकला आणि पोरगं थांबलं. "ताई, ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर जातो."

अण्णा बेळगावकडं ऊसतोडीला. आईही तिकडंच.

फोन लावला. अण्णा फडात, मोबाइल कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत. उचलला त्याच्या धाकट्या बहिणीनं. सातवीतली पोर, दिवाळीनंतर शाळा सोडून आईबापाबरोबर गेलेली. तिनं मेसेज उघडला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लागली. चार आकडे कळले आणि रेंज गेली. परत फोन, परत नवा ओटीपी. तिसऱ्या खेपेला सहाच्या सहा आकडे लागले. पलीकडून ती विचारत होती, "दादा, झालं का? झालं का?"

मी पतसंस्थेत नोकरी करते आणि सहा वर्षं झाली, रविवारी सकाळी पोरांचे फॉर्म भरून द्यायला वाचनालयात टेबल मांडून बसते. ऊसतोड्यांची, वीटभट्टीवाल्यांची, बिगाऱ्यांची पोरं येतात. त्यांना अक्कल कमी नाही, कष्टाची तयारी तर आपल्यापेक्षा जास्त. त्यांचं अडतं ते फार बारीक ठिकाणी. दहावीच्या मार्कमेमोवर नाव एक, आधारवर दुसरं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. जातीचा दाखला आहे, पण त्याच्या पडताळणीचा कागद, व्हॅलिडिटी, नाही. एक कागद कमी पडतो, तारीख निघून जाते, तोवर दसरा येतो, मुकादम उचल घेऊन दारात उभा राहतो आणि एकोणीस वर्षांचा पोरगा कोयता घेऊन ट्रकमध्ये बसतो. एका कागदापायी असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. त्या वर्षी मला वेळेत कळलं असतं तर, हे अजून मनातून जात नाही.

आता वाचनालयाचं बोलते. आपल्याकडं ग्रंथालयानं तरुणांसाठी काय केलं असं विचारलं की उत्तर येतं, अभ्यासिका. खुर्च्या, ट्यूबलाइट, पंखा. वाईट नाही. एका खोलीत पाच माणसं राहणाऱ्या घरातल्या पोराला त्या खुर्चीची किंमत विचारा. पण तिथं बसलेली सगळी पोरं एकाच दाराकडं तोंड करून आहेत. तलाठी, पोलीस, एमपीएससी. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले 10 लाखांवर. खुल्या गटाला फी 1000 रुपये, राखीवला 900. उरलेल्यांनी काय करायचं हे त्या अभ्यासिकेत कुणीच सांगत नाही, कारण सांगणारं माणूसच तिथं नाही. 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. काम शिकताना बारावी पासला महिना 6000 विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8000, पदवीधराला 10000. नाव सगळ्यांनी मोबाइलवर ऐकलेलं, पण नोंदणी कुठं करायची, आपल्या गावाजवळ कुठल्या कार्यालयात जागा आहे, हे विचारायचं कुणाला?

आणि गंमत नाही, मनापासून सांगते, ते माणूस त्याच इमारतीत बसलेलं असतं. आमच्या वाचनालयात सकाळी नऊला पुढच्या खोलीत पेपर वाचायला कोण येतं बघा. महावितरणचे निवृत्त वायरमन. जिल्हा परिषदेचे कारकून. बँकेतले. एसटीच्या आगारात तीस वर्षं काढलेले एक मेकॅनिक काका. मागच्या खोलीत पोरं. दोन्हीच्या मध्ये पुस्तकांच्या कपाटांची रांग. वर्षानुवर्षं या बाजूच्या माणसानं त्या बाजूच्या पोराला "काय करतोस रे?" एवढंही विचारलेलं नाही.

फॉर्म भरून झाल्यावर त्या मुलाला मी मेकॅनिक काकांकडं नेलं. काकांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हात दाखव." पोरानं बिचकत दोन्ही तळवे पुढं केले. नखांत काळं वंगण होतं, सुट्टीत ट्रॅक्टरच्या गॅरेजात जायचा. काका म्हणाले, "उद्या संध्याकाळी घरी ये. एअर ब्रेकचं सांगतो." त्यानंतर तो जवळजवळ दोन महिने त्यांच्याकडं जात होता. आज एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ आहे. काकांना कुणी मानधन दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही.

मुलींचं तर वेगळंच. कॉम्प्युटर सेंटरला जाते म्हटलं की घरात दहा प्रश्न. वाचनालयात जाते म्हटलं की बाप काही बोलत नाही. या एका शब्दाला गावात अजून पत आहे. ती पत वापरून मुलींना टॅली, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशोब लिहायला शिकवता येईल, मुलाखतीला कसं बसायचं ते सांगता येईल. आमच्याकडं तीन मुली हिशोब लिहायला शिकल्या, त्यातली एक आता कृषी सेवा केंद्रात जीएसटीची बिलं करते.

एका बैठकीत मला ऐकवलं गेलं, "हे वाचनालय आहे, एम्प्लॉयमेंट ऑफिस नाही." मला ते लागलं. ज्यांना आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो, 12 ऑगस्टला ज्यांच्या फोटोला हार घालतो, त्या रंगनाथनांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. पाचवं, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि पेट्यांत भरून पुस्तकं खेड्यांत धाडली. वाचक येत नाही तर आपण जाऊ, ही त्यामागची समज होती. आजच्या वाचकाची गरज फॉर्म असेल तर फॉर्मपर्यंत जायला नको?

पैशाचंही बोलायला हवं. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयं 11 हजारांवर आहेत. 2022 साली अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान ग्रंथालयाचं, वर्षाला 30 हजारांचं 48 हजार झालं. म्हणजे महिन्याला 4 हजार. त्यात पुस्तकं, पेपर, लाइटबिल आणि ग्रंथपाल. त्या ग्रंथपालाकडून समुपदेशनाची अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? तपासणीला येणारे साहेब दाखल नोंदवही बघतात, देवघेव बघतात, सभासद मोजतात. किती पोरं कामाला लागली हा रकाना त्या तक्त्यात घाला आणि त्या कामापुरतं वेगळं मानधन द्या. ग्रंथपाल ताई आणि दादा आनंदानं करतील, मी त्यांना ओळखते.

तोवर आमचं टेबल चालू आहे. येत्या रविवारी सकाळी साडेनऊला या. आधार, दहावीचा मार्कमेमो, दाखले, सगळ्याच्या झेरॉक्स. आणि ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर येतो त्यांना शनिवारी रात्रीच फोन करून ठेवा, मोबाइल चार्ज करून कोपीवर कुणाजवळ तरी ठेवा म्हणावं.