आधी कायतरी टाका

आमच्या गाडीने दोन सिंहस्थ बघितलेत आणि आता तिसऱ्याची वाट बघतेय. 2003 च्या सिंहस्थाच्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली. एमएच-15, पांढरी, पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव सांगत नाही, म्हातारपणाला कंपनी काय करणार. पेठ रोडला आरटीओत जाऊन पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, ग्रीन टॅक्स वगैरे सगळं रीतसर केलंय, त्यामुळे कायद्याने ती अजून धडधाकट आहे. फक्त गेल्या थंडीपासून सकाळी स्टार्ट केली की मागून निळसर धूर सोडते, मूठभर उदबत्त्या एकदम पेटवल्यासारखा, दोन मिनिटं, मग बंद.

तो धूर सगळ्यात आधी बघितला तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी. नाना ओझरला एचएएलमधून रिटायर झालेत, जन्मभर विमानांना पाना लावलेला माणूस, त्यामुळे आमच्या सोसायटीत मिक्सर बिघडला तरी आधी नानांना विचारतात. त्यांनी गॅलरीतूनच निदान केलं. "निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय रे. सकाळी पहिल्यांदाच येतो ना? मग व्हॉल्व्ह सील गेलेत, रात्रभर थेंब थेंब खाली उतरतं. चालत्या गाडीत आला असता तर पिस्टनच्या रिंगा म्हणालो असतो. आता ऑइल बदलशील तेव्हा नीट विचार करून टाक."

हे 'नीट विचार करून' मी मनावर घेतलं आणि पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही. आजवर मी ऑइलचा विचार कधी केलाच नव्हता, मिस्त्री सांगायचा "वीस-चाळीस टाकतो" आणि मी म्हणायचो टाक. म्हणजे वीस डब्ल्यू चाळीस. यातला डब्ल्यू विंटरचा आहे हे मला वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी कळलं, तोपर्यंत मी त्याला वेट समजत होतो, आणि चाळीस म्हणजे चाळीस डिग्रीपर्यंत चालतं, म्हणजे आपल्या नाशिकच्या मे महिन्याला बरोब्बर पुरतं, असा आपला समज.

तो समज मेव्हण्याने काढला. हा अंबडला कंपनीत आहे आणि रात्री मोबाईलवर लोकांच्या गाड्यांची इंजिनं उघडलेली बघत झोपतो. तो म्हणाला, "दाजी, चाळीस म्हणजे शंभर डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा नंबर. आणि आधीचा वीस थंडीतला. तुम्ही पाच डब्ल्यू तीस फुल्ली सिंथेटिक टाका, उणे तीसला पण इंजिन फिरतं." मी म्हटलं अरे उणे तीस? आपल्याकडे निफाडला पारा शून्याच्या आसपास गेला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो पहिल्या पानावर येतो, लोक कान बांधून कामाला जातात, आणि वीस डब्ल्यूची परीक्षासुद्धा उणे पंधराला घेतलेली असते म्हणे, म्हणजे निफाडकर असलो तरी पंधरा डिग्री शिल्लकच. तो म्हणाला तसं नाही, आकडा मोठ्या थंडीचा असला तरी पातळ ऑइल सकाळी लवकर वर चढतं, आणि इंजिनची जास्त झीज त्या पहिल्या काही सेकंदातच होते. आता हेही खरंच. खऱ्या गोष्टींचा त्रास असा असतो की त्या दोन्ही बाजूंनी खऱ्या असतात.

मग हे मी नानांना जाऊन सांगितलं. ही माझी दुसरी चूक. नाना म्हणाले, "जुनं इंजिन आहे, सगळ्या फटी वाढलेल्या, त्यात पाण्यासारखं ऑइल घालशील तर आज उदबत्ती आहे उद्या होम होईल. चांगलं वीस-पन्नास घाल." आणि मग त्यांनी मला मल्टिग्रेड समजावून सांगितलं ते मिसळीवर. रस्सा उकळता असला की तर्री कशी इकडून तिकडे पळते, आणि गप्पा मारत बसलं, वाटी गार झाली की तीच तर्री कडेला थिजून बसते. साधं ऑइल तसं. मल्टिग्रेडमध्ये अशी रसायनं असतात जी थंडीत अंग चोरून बसतात आणि गरम झालं की हातपाय पसरतात, त्यामुळे तापलं तरी ऑइल फार पातळ होत नाही. मला समजलं अगदी छान, फक्त त्या दिवसापासून मिसळ खाताना मी तर्रीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो आणि बायको म्हणते अहो खा ना, काय शोधताय.

एका शनिवारी द्वारकेजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. द्वारका सर्कल ओलांडून गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माझंच ऑइल तापलं होतं. काउंटरवर पोरगा होता, त्याने विचारलं "कोणतं देऊ, कॅस्ट्रॉल, सर्वो, मॅक, एचपी, शेल?" मी जरा अभ्यास करून आलोय हे दाखवायला म्हणालो, ब्रँड नको सांगू, एपीआय, म्हणजे ऑइलच्या दर्जाची अक्षरं, काय आहे ते सांग. पोरगं दचकलं नाही. त्याने डबा फिरवून मागचा गोल शिक्का दाखवला आणि पाढे म्हणावेत तसं म्हणायला लागला, "2001 ला एसएल आलं, 2004 ला एसएम, 2010 ला एसएन, 2020 ला एसपी. पेट्रोल गाडीला एस, डिझेलला सी. नवीन अक्षरवालं जुन्या गाडीला चालतं, जुन्या अक्षरवालं नव्या गाडीला नाही चालत." म्हणजे आपल्या घरासारखंच की, सुनेला सासूचं सगळं जमलं पाहिजे, सासूने सुनेचं शिकायची सक्ती नाही. बाय द वे एसआय आणि एसके अशी अक्षरं यादीत नाहीतच, एसएचनंतर एकदम एसजे आणि मग एसएल, लिफ्टमध्ये तेरावा मजला गाळतात तसं.

झालं, एसपी घ्यावं म्हटलं तर खिशात फोन वाजला, नाना. "नवीन ऑइलमध्ये झिंक कमी करतात बरं का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून. जुन्या इंजिनाला झिंक लागतं, ते बघून घे." मी फोन कानाला लावूनच पोराला विचारलं झिंक किती आहे यात. आता तो दचकला. आतून शेठ आले, सत्तरीचे, चष्मा कपाळावर, आणि म्हणाले भाऊ, झिंकबरोबर जो फॉस्फरस येतो त्याची मर्यादा पाच-तीस, दहा-तीस असल्या पातळ ऑइलला आहे, वीस-चाळीसला ती लागू नाही, तुमच्या साहेबांना सांगा निवांत झोपा. हे मी नानांना जसंच्या तसं सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले "कोण आहे तो? कुठे होता नोकरीला?"

पण तेच शेठ पुढच्या मिनिटाला मला मागच्या फळीपाशी घेऊन गेले आणि तिथे गोळे कॉलनीतल्या औषधाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटायला लागलं. धूर बंद करायची बाटली. गळती थांबवायची बाटली. आवाज कमी करायची काळी बाटली, तिच्यात मॉलिब्डेनम. इंजिन आतून धुवायची बाटली. ॲव्हरेज वाढवायची बाटली, ती पेट्रोलमध्ये टाकायची. प्रत्येकीवर एक चकचकीत पिस्टन आणि ज्वाळा. मी बाटल्या वाचत होतो आणि मला सारखे अण्णांचे गुडघे आठवत होते. कारण अण्णांच्या गुडघ्यांनाही हेच सगळं झालंय, कुणी काढा दिला, कुणी तेल दिलं, कुणी पट्टा दिला, एकाने तर त्र्यंबकच्या पुढून कुठून तरी मुळी आणून दिली, आणि सल्ले देणारी माणसंही जवळजवळ तीच आहेत. फरक एवढाच की अण्णा "हो हो घेतो" म्हणून कपाटात ठेवून देतात. गाडीला कपाट नाही.

मेव्हण्याचं मात्र इथे पटलं. ऑइलच्या डब्यात कंपनीने आधीच सगळी औषधं मोजून कालवलेली असतात, साफ करणारं, गंज रोखणारं, झीज कमी करणारं, आपण वरून बाटली ओतायची म्हणजे स्वयंपाकीणबाईंनी केलेल्या भाजीत पाहुण्यांनी मीठ टाकायचं. गळतीवाली बाटली रबरी सील फुगवते, ते काही दिवस बरं वाटतं. धुवायची बाटली तर या वयात धोक्याचीच, वीस वर्षांचा साचलेला गाळ एकदम सुटला आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसला तर ऑइल वर चढणार कसं? आणि अमेरिकेत म्हणे 1990 च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका लई गाजलेल्या बाटलीवाल्यांना दाव्यांचे पुरावे मागितले होते. एवढं सगळं कळूनही मी एक बाटली घेतलीच, धूरवाली. शेठने इतका वेळ दिला, रिकाम्या हाताने कसं यायचं.

ऑइल फिल्टरचं सांगतो थोडक्यात. ओरिजिनल, लोकल आणि "ओरिजिनलसारखाच" असे तीन होते आणि तिसऱ्याच्या खोक्यावरचं प्रिंटिंग ओरिजिनलपेक्षा भारी होतं, तेव्हाच शंका आली. ओरिजिनल घेतला.

ऑइल मात्र घेतलं नाही. डोक्यात वीस-चाळीस, वीस-पन्नास, पाच-तीस, मिनरल, सेमी, सिंथेटिक असा सगळा गोपाळकाला झाला होता. शेवटचा उपाय म्हणून अण्णांची डायरी काढली. अण्णांनी गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक खर्च लिहिलाय, पेट्रोल, पंक्चर, लिंबू-मिरची, सगळं. मला वाटलं इथे शिलालेख सापडणार. सापडलं ते असं, "ऑइल बदलले. रु. 610. मिस्त्री उशिरा आला." पुढच्या वर्षी, "ऑइल बदलले. तक्रार नाही." एकवीस वर्षांत ग्रेडचा एक शब्द नाही. विचारलं तर म्हणाले, "जे होतं ते टाकलं. तू चहा घेणारेस का?"

रविवारी सकाळी गाडी काढली. त्रिमूर्ती चौकाकडे वळताना डॅशबोर्डवर तो अल्लाउद्दीनच्या दिव्याचा लाल लाईट लागला आणि वळण संपल्यावर विझला. मी म्हटलं वायर लूज असेल. पुढच्या वळणावर परत लागला, परत विझला. बायको म्हणाली तो काय लागतोय. मी म्हटलं काही नाही, जुनी गाडी आहे.

सिडकोतल्या आमच्या मिस्त्रीकडे पोचलो आणि इंजिन बंद करायच्या आधीच त्याला सुरू केलं, की बघ एसपी घ्यायचं का, झिंकचं काय, फटी वाढल्यात म्हणून वीस-पन्नास बरं की सकाळी लवकर चढावं म्हणून पाच-तीस. तो माझ्याकडे बघत ऐकत होता, चहाचा ग्लास हातात, ऐकता ऐकता त्याने बॉनेट उचललं, डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत ओढली. पट्टीच्या टोकाला दोन खुणा असतात, वरची आणि खालची. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. खाली म्हणजे, टोकाला एक काळा टिपका, मांजरीच्या नाकाएवढा. त्याने ती पट्टी माझ्या डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, "साहेब, कोणतं टाकायचं ते नंतर ठरवा. आधी कायतरी टाका."

तीन आठवडे मी एसएईचे, म्हणजे या वीस-चाळीस आकड्यांचे, तक्ते वाचत होतो आणि गाडी रोज सकाळी उदबत्तीतून थोडं थोडं पीत होती, आणि मी, नाना, मेव्हणा, शेठ, कुणालाही ती पट्टी ओढून बघावी असं सुचलं नव्हतं. वळणावर चेंबरमधलं, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतलं, उरलंसुरलं ऑइल एका बाजूला सरकायचं, पंपाला हवा लागायची, म्हणून दिवा. ज्याला मी वायर लूज म्हणत होतो.

चेंबरचा नट खोलला तर जेमतेम दीड लिटर निघालं, बसतं साडेतीन. नवा वायसर. जुना फिल्टर हलेना तर पट्ट्याचा पाना लावून काढला आणि माझी उत्सुकता बघून त्याने तो हेक्सॉ ब्लेडने कापून दाखवला, आतला कागद काळाकुट्ट, घड्या एकमेकीला चिकटलेल्या, आणि तळाशी जो रबरी व्हॉल्व्ह ऑइल रात्री परत खाली जाऊ देत नाही तो चपातीसारखा कडक झालेला. नव्या फिल्टरच्या रबराला त्याने बोटाने ऑइलचं गंध लावलं, हाताने बसवला, टेकल्यावर पाऊण आटा, बास. पाना लावलाच नाही. कापलेल्या बिसलेरीच्या बाटलीचं नरसाळं करून वीस-चाळीस ओतलं, मिनरल. मी विचारलं हेच का. म्हणाला आत्ता दुकानात हेच आहे. आणि सील दिवाळीनंतर बदलू, तोवर दर रविवारी पट्टी बघा. धूरवाली बाटली त्याने उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात परत दिली.

स्टार्ट केल्यावर लाल दिवा दोन सेकंदात विझला. वळणावरही लागला नाही. मी मुद्दाम लांबच्या वाटेने, जास्त वळणं घेत घरी आलो.

निघालेलं काळं ऑइल त्याने एका डब्यात भरून ठेवलं होतं. आम्ही निघता निघता शेजारच्या बांधकामावरचा सेंट्रिंगवाला आला, प्लेटांना लावायला ऑइल पाहिजे होतं. मिस्त्रीने डबा दाखवला. मी सवयीने सांगायला गेलो, की वीस-चाळीस आहे बरं का पण खूप जुनं, आणि—

"कोणतंही चालतं भाऊ," तो म्हणाला आणि डबा घेऊन गेला.