लुका आला, डेव्हिस गेला: बेरीज करणाऱ्यांनी वजाबाकीही करावी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधील लॉस एंजेलिस लेकर्सने डॅलस मॅव्हरिक्सकडून लुका डॉनचिच याला मिळवले, तेव्हापासून बास्केटबॉलप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक मराठी संदेश फिरतो आहे आणि काही केल्या तो थांबायला तयार नाही. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: सुपरस्टार घेतला की संघाच्या खात्यात त्याचे २८ गुण जमा होतात; आजचा खेळ थ्री-पॉइंटरचा, म्हणजे लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या फेकीचा, असल्यामुळे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरची गरज उरलेली नाही; बचाव हा निव्वळ मेहनतीचा मामला असल्यामुळे तो बाकीचे चौघे सांभाळून घेतात; दोन महान खेळाडू असले की राखीव खेळाडूंना अर्थ राहत नाही; आणि लुका गेल्यावर डॅलसची जी वाताहत झाली, तीच या सगळ्याचा पुरावा. नागपुरातील एका क्लबात सेंटर म्हणून खेळणाऱ्या माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याने हा संदेश मला पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "मामा, मग माझं काय काम?" त्याच्या संघाच्या पालकांमध्ये याच संदेशाच्या आधारे बाहेरगावचा एक भरपूर गुण करणारा मुलगा आणून उंच मुलाला बसवण्याची चर्चा चालू आहे, हे चौकशी केल्यावर कळले. मोठ्यांच्या गप्पांपुरता हा संदेश राहिला असता तर मी तो वाचून सोडून दिला असता.

पहिला मुद्दा २८ गुणांचा. लेकर्सकडून खेळलेल्या त्या मोसमातील २८ सामन्यांत डॉनचिचची सरासरी २८.२ गुण होती, हे खरे आहे. मात्र त्याच्या बदल्यात लेकर्सने अँथनी डेव्हिस दिला होता, आणि त्याच मोसमात लेकर्सकडून डेव्हिसची सरासरी २५.७ गुण आणि ११.९ रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) होती. संदेशकर्त्याच्याच पद्धतीने हिशेब केला तरी भर अडीच गुणांची पडते, आणि रिबाउंडचा रकाना त्याने पाहिलेलाच नाही. क्रिकेटमध्ये चांगला फलंदाज आला म्हणून दुसऱ्याची बॅट कोणी काढून घेत नाही; बास्केटबॉलमध्ये मात्र चेंडू एकच, फेकायला २४ सेकंद आणि एका संघाच्या वाट्याला सामन्यात सुमारे शंभर चढाया. डॉनचिचसारखा खेळाडू त्यांतील मोठा हिस्सा स्वतः वापरतो आणि तो हिस्सा त्याचे सहकारी लेब्रॉन जेम्स आणि ऑस्टिन रीव्ह्ज यांच्या हातांतून येतो. हे दोघेही चेंडू हातात असतानाच सर्वांत चांगले खेळणारे आहेत. निकाल पाहायचे तर अदलाबदलीपूर्वी लेकर्सचे २८ विजय आणि १९ पराभव होते, नंतर २२ विजय आणि १३ पराभव झाले. सुधारणा झाली, पण संदेशात रंगवलेल्या चित्राच्या ती आसपासही नाही.

आता सेंटरची गरज संपल्याचा मुद्दा. पाचांपैकी हाच सर्वांत चुकीचा आहे आणि नुकसान करणाराही हाच आहे, म्हणून यावर थोडे थांबावे लागेल. ज्यांना हा मुद्दा पटलेला आहे त्यांनी ३० एप्रिल २०२५ रोजी झालेल्या लेकर्स विरुद्ध मिनेसोटा या प्लेऑफमधील (मोसमाअखेरच्या बाद फेरीतील) मालिकेच्या पाचव्या सामन्याचा गुणतक्ता उघडून पाहावा. दुसरा कोणताही पुरावा मिळाला नाही तरी चालेल. त्या रात्री मिनेसोटाने ४७ थ्री-पॉइंटर फेकले आणि त्यांपैकी फक्त सात आत गेले. थ्री-पॉइंटरवरच सगळे ठरते असे मानणाऱ्याने अशा संघाचा पराभव किती गुणांनी झाला असेल, याचा अंदाज करून पाहावा. प्रत्यक्षात मिनेसोटाने तो सामना १०३–९६ असा जिंकला आणि मालिका ४–१ अशी संपवली. मालिकेत तोवर जवळपास शांत असलेला त्यांचा सात फुटांहून उंच सेंटर रूडी गोबेर याने त्या सामन्यात २७ गुण केले आणि २४ रिबाउंड घेतले. चुकलेले ४० फेके मिनेसोटाला महाग पडले नाहीत, कारण त्यांतील बरेच चेंडू पुन्हा त्यांच्याच हाती येत होते, आणि ते अडवायला बास्केटखाली लेकर्सचा कोणीही उंच माणूस उभा नव्हता.

तो का नव्हता, हेही समजून घेण्यासारखे आहे. डेव्हिस गेल्यामुळे लेकर्सकडे नियमित खेळणारा सेंटर असा जॅक्सन हेज एवढाच उरला. डॉनचिचने स्क्रीनवरून (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवून दिलेल्या आडोशावरून) आत शिरून वर टाकलेला चेंडू झेलून आत घालण्याचे काम त्याने साखळी सामन्यांत चांगले केले. परंतु प्लेऑफमध्ये मिनेसोटासमोर प्रशिक्षक जेजे रेडिक यांचा त्याच्यावर विश्वास राहिला नाही. पहिले चार सामने तो सुरुवातीच्या पाचांत होता, पण मैदानावर फारच थोडा वेळ राहिला, आणि पाचव्या सामन्यात उतरलाच नाही. अदलाबदलीत डॉनचिचसोबत आलेला मॅक्सी क्लेबर पायाच्या दुखापतीतून नुकताच उठला होता. लेकर्सकडून त्याने पहिल्यांदा मैदानात पाऊल ठेवले ते याच पाचव्या सामन्यात, तेही काही मिनिटांसाठी.

सेंटर नको, हे स्वतः लेकर्सलाही कधी वाटले नव्हते, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. डॉनचिच आल्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांनी शार्लटच्या मार्क विल्यम्स या सेंटरसाठी डाल्टन कनेक्ट हा नवोदित खेळाडू, कॅम रेडिश, २०३१ च्या ड्राफ्टच्या (नवोदित खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीतील हक्क आणि २०३० मधील हक्काची अदलाबदल एवढे देऊ केले होते. विल्यम्स वैद्यकीय तपासणीत बसला नाही म्हणून तो व्यवहार रद्द झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी डिआंड्रे एटन याला घेतले. ज्या संघाचे नाव पुढे करून सेंटर कालबाह्य झाल्याचे सांगितले जाते, तो संघ या सगळ्या काळात सेंटरच शोधत होता. उलट डॉनचिचसारखा खेळाडू आला की सेंटरची गरज वाढते: आक्रमणात त्याच्यासाठी स्क्रीन लावायला आणि बास्केटकडे धाव घेऊन बचाव आत ओढायला, आणि बचावात त्याच्या मागे राहिलेली जागा राखायला.

यातून तिसरा मुद्दा येतो, बचावाचा. येथे एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. डेव्हिस गेल्यानंतरचे काही आठवडे लेकर्सचा बचाव कोसळला तर नाहीच, उलट लीगमधील चांगल्या बचावांत गणला जात होता. डोरियन फिनी-स्मिथ, रुई हाचिमुरा आणि खुद्द लेब्रॉन यांनी वेळेवर फिरून, एकमेकांच्या जागा घेऊन पोकळी झाकली. तेव्हा मेहनतीने काही होत नाही असे मी म्हणणार नाही. पण साखळी सामन्यात आज एक आणि उद्या दुसरा प्रतिस्पर्धी असतो, तर प्लेऑफमध्ये एकच संघ एकच दुबळी जागा पुन्हा पुन्हा तपासतो. डॉनचिच ज्याला राखत असेल त्यालाच स्क्रीन लावायला बोलवायचे, म्हणजे चेंडू असलेल्या चपळ खेळाडूसमोर डॉनचिच येतो. तो मागे पडला की मदतीला दुसरा धावतो, आणि दुसऱ्याची जागा मोकळी होते. डेव्हिस असताना अशी चूक बास्केटपाशी निस्तरली जात असे. बाहेरच्या फळीतली तीच चूक आता थेट दोन गुणांना पडू लागली. म्हणजे एका अदलाबदलीत बचावाचे दोन्ही टोकांनी नुकसान झाले: बाहेर लक्ष्य करता येईल असा एक खेळाडू आला आणि आत चुका झाकणारा गेला. डॉनचिच आक्रमणात जे देतो ते यापेक्षा मोलाचे असू शकते, आणि माझ्या मते आहेही. पण किंमत मोजलीच नाही असे भासवणे हा अप्रामाणिकपणा आहे.

राखीव खेळाडूंचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. याच मालिकेतील चौथ्या सामन्यात रेडिक यांनी संपूर्ण उत्तरार्ध डॉनचिच, जेम्स, रीव्ह्ज, हाचिमुरा आणि फिनी-स्मिथ या पाचच जणांना एकही बदल न करता खेळवले. डॉनचिचने ३८ गुण केले, अँथनी एडवर्ड्सने पलीकडून ४३ केले, आणि लेकर्स ११६–११३ असे हरले. तेव्हा लेब्रॉन ४० वर्षांचा होता. दोन तारे असल्यामुळे बाकाला अर्थ नसतो, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या सामन्याचे शेवटचे बारा मिनिट पाहावेत. तारे गोळा करण्याच्या हौसेचे दुसरे टोक पाहायचे असेल तर केव्हिन ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील असे तिघे एकत्र असलेला फिनिक्सचा संघ त्याच मोसमात ३६ विजय आणि ४६ पराभव घेऊन प्लेऑफच्या बाहेर राहिला.

आता डॅलस. अदलाबदलीचा निर्णय मूर्खपणाचा होता, याबद्दल संदेशकर्त्याशी माझे भांडण नाही. तो घेणारे डॅलसचे सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. परंतु डॅलसचे ३९ विजय आणि ४३ पराभव पाहून "लुका म्हणजेच संघ होता" असा निष्कर्ष काढताना दोन गोष्टी गाळल्या जातात. डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात २६ गुण आणि १६ रिबाउंड करून जखमी झाला, आणि कायरी अर्विंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध मार्चच्या सुरुवातीला तुटला. चेंडू हातात घेऊन संधी निर्माण करणारे डॉनचिच आणि अर्विंग असे दोघेही महिनाभरात नाहीसे झाल्यावर कोणताही बचाव सामने जिंकून देत नाही.

शिवाय डॅलसचाच त्याआधीचा इतिहास संदेशाच्या नेमका विरुद्ध जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी फिनी-स्मिथ आणि स्पेन्सर डिनविडी यांना देऊन डॉनचिचच्या जोडीला अर्विंग आणला. तेव्हा त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते; मोसम संपला तेव्हा ३८ विजय आणि ४४ पराभव झाले होते आणि संघ प्लेऑफच्या बाहेर होता. शेवटच्या टप्प्यात त्यांनी प्रमुख खेळाडूंना मुद्दाम बसवले आणि त्याबद्दल लीगने त्यांना दंड केला, हे खरे. पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती. पुढच्या वर्षी तेच दोन तारे २०२४ च्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. दरम्यान संघात डेरेक लाइव्हली आणि डॅनियल गॅफर्ड हे दोन सेंटर आले होते, आणि बचावाला डेरिक जोन्स ज्युनियर आणि पीजे वॉशिंग्टन आले होते.