भाचीची वही आणि ताईची ‘शी!’

आज दुपारपासून माझे डोके तापलेले आहे आणि ते थंड होण्याआधी हे लिहून टाकते आहे. तेरा वर्षांच्या मुलीने आठवडेच्या आठवडे अभ्यास करून आईसमोर एक मागणी मांडावी, आणि आईने वहीचे पहिले पान संपण्याआधीच ‘शी! पाल? माझ्या घरात?’ असे म्हणून ती वही बाजूला सारावी, हे मला पाहवले नाही. त्याहून वाईट म्हणजे जेवायला जमलेली आमची सगळी शिकलीसवरली मंडळी खो खो हसली. कोणीतरी ‘भिंतीवरची फुकट मिळते की, विकत कशाला?’ असेही म्हणाले. भाचीने काही न बोलता वही उचलली आणि ती वर निघून गेली.

ताईचे घर इंग्लंडमध्ये, स्लाउला आहे. भाचीला हवा आहे लेपर्ड गेको, म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली, जेमतेम वीतभर लांबीची पाल. ती पालच आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण ताईच्या मनातली पाल आणि ही पाल यांच्यात जो फरक आहे, तो त्या वहीच्या दुसऱ्याच पानावर लिहिलेला होता. या पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ती भिंतीवर किंवा काचेवर चढू शकत नाही आणि छतावरून कोणाच्या डोक्यावर पडण्याचा प्रश्नच येत नाही. तिला पापण्या असतात, ती डोळे मिटून झोपते. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, कोरड्या मुलखातली; तिचे जवळचे भाईबंद आपल्या महाराष्ट्रातही सापडतात आणि विषारी समजून बिचारे काठीने मारले जातात. रानातून पकडून आणलेला प्राणी घरात ठेवण्याचे समर्थन मी कधीही करणार नाही, पण भाची मागते आहे तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या देखरेखीखाली पैदास झालेला प्राणी, आणि हेही तिने स्वतःच लिहून ठेवले होते.

मला खरा राग कशाचा आला, तर याच ताईने काही वर्षांपूर्वी कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात रांगेत उभे राहून तिथल्या सोन्याच्या आणि चांदीच्या पालींना भक्तिभावाने हात लावला होता. पाल अंगावर पडल्याचा दोष त्या स्पर्शाने जातो, अशी तिथली श्रद्धा आहे. त्या वेळी मी तिची थट्टा केली नाही. पंचांगात पाल कुठल्या अंगावर पडली तर काय फळ, हे आमच्या घरात आजही गंभीरपणे वाचले जाते. श्रद्धेचा मान आम्ही सगळे राखतो. मग एका मुलीच्या अभ्यासाचा मान राखायला आमची जीभ का जड होते?

किड्यांचा मुद्दा मात्र मान्य करते, नाइलाजाने का होईना. हा प्राणी भाजीपाला खात नाही. त्याला जिवंत रातकिडे आणि अळ्या लागतात, त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी लागते, नाहीतर त्याची हाडे मऊ पडतात. त्या अळ्या बरेच लोक फ्रिजमध्ये ठेवतात, आणि ज्या फ्रिजमध्ये नैवेद्याचे श्रीखंड असते त्यात अळ्यांचा डबा ठेवणे ताईला या जन्मात शक्य नाही, हे मलाही समजते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात, हेही खरे आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, आणि पाच वर्षांखालची मुले घरात असतील तर जास्तच जपायचे. हे सगळे आक्षेप योग्य आहेत. ताईने यांतला एक जरी घेतला असता, तरी मी आज मुकाट्याने जेवून घरी आले असते.

सर्वांत मोठा आक्षेप तर कोणी काढलाच नाही. हा प्राणी नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो. भाची पाच वर्षांनी विद्यापीठात जाईल आणि पाल ताईच्या पदरात राहील. कायदाही तेच सांगतो: इंग्लंडमध्ये २००६च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि मुलाने पाळलेल्या प्राण्याची जबाबदारी त्याच्या पालकांवरच येते. म्हणजे ‘तिचा हट्ट आहे, तिचे ती बघेल’ असे म्हणून परवानगी देण्याची सोयच नाही. आईचा होकार इथे मनापासूनच असावा लागतो, आणि म्हणून तो मागताना मुलीने वही लिहिली होती.

ती वही मी वर जाऊन वाचली. पाल ठेवायच्या पेटीच्या एका टोकाला साधारण ३१-३२ अंशांची ऊब, दुसरे टोक थंड, दोन्हीकडे लपायला जागा, उष्णतेवर नियंत्रण ठेवणारा थर्मोस्टॅट, आणि शेपटीला धरून कधीही उचलायचे नाही, कारण घाबरली तर ती शेपूट टाकून देते, हे सगळे मराठीत लिहिले होते. इथे जन्मलेल्या मुलीने आईला समजावे म्हणून वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलेले! ताई, तू निदान तेवढ्यासाठी तरी दुसरे पान उलटायला हवे होतेस. शेवटच्या पानावर ‘मी युनिव्हर्सिटीत गेल्यावर’ असा मथळा होता आणि त्याखाली एकच ओळ: ‘मावशी घेईल.’ मला कोणी विचारलेले नाही, पण मी घेईन.

हे टंकताना राग थोडा ओसरला आहे, तर ताईच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते. साताऱ्याच्या जुन्या घरात दुधाच्या पातेल्यात पाल पडली होती आणि आजीने दूध ओतून देऊन आम्हा दोघींना थंडीत आंघोळ घातली होती. मी ते कधीच विसरून गेले असते, ताईच्या अंगावर अजूनही काटा येतो. त्या भीतीला मी हसणार नाही. परंतु ती भीती मुलीला सांगता येते, ‘मला लहानपणापासून भीती वाटते’ असे स्पष्ट म्हणता येते. मुलीला ते समजले असते.

तर ताई, माझे म्हणणे एवढेच आहे. लगेच हो म्हणू नकोस. आधी रिकामी पेटी, थर्मोस्टॅट आणि तापमापक आणू दे, आणि महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद तिला ठेवू दे. परीक्षेच्या आठवड्यातही ठेवली, तर पुढचे बोलू. दुकानात जायचीही गरज नाही, आरएसपीसीए ही इथली प्राणी कल्याण संस्था लोकांनी सोडून दिलेल्या अशा प्राण्यांना नवे घर शोधून देत असते. येत्या रविवारी मी येते आणि आपण तिघी वही पहिल्या पानापासून वाचू. अळ्यांच्या पानावर तुला हवे तेवढे भांड. माझ्या गॅरेजमध्ये एक जुना छोटा फ्रिज पडून आहे, तो येताना गाडीत घालून आणते.